मदत हवी आहे : भाच्याची जीन तपासणी कुठे करावी?

भाचा सहा वर्षांचा, रावेरकडचा. बी-पेशींचा एएलएल (रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला. पहिल्या टप्प्याची केमो झाली, पण एमआरडी (उपचारानंतर उरलेल्या कॅन्सरच्या पेशींचं प्रमाण) अजून ०.०१ टक्क्याच्या वर आहे. फिलाडेल्फिया क्रोमोसोम (या कॅन्सरमध्ये काहींच्या पेशींत दिसणारा बदललेला क्रोमोसोम) नाही. तरी जनुकांचं काम 'फिलाडेल्फियासारखं' चालतंय का, सीआरएलएफ२ नावाच्या जनुकाचं काम वाढलंय का, हे बघायला डॉक्टरांनी सांगितलंय. तसं निघालं तर आजार उलटायचा धोका जास्त, उपचार कडक करावे लागतात. निदानावेळचा बोन मॅरोचा नमुना लॅबने जपून ठेवलाय. आता कॅन्सरच्या पेशी कमी उरल्यात, म्हणून तोच पाठवावा ना? तपासणीला लागणारं आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारा रेणू) लवकर खराब होतं म्हणे, मग जळगावहून मुंबईला थंड ठेवून कसा न्यायचा? खर्च किती? ताई केळीच्या बागेतून रोज फोन करते, "भाऊ, मना पोऱ्या बरा व्हई ना?" कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लवकर सांगा.