जपानच्या लिलावातून जुनी सीको घड्याळं आणून इथे विकणं, जोडधंदा म्हणून जमेल का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, एमआयडीसीत नोकरीला आहे, पगार ३४ हजार, मुलगी जूनपासून शाळेत जाईल म्हणून वरचं काहीतरी उत्पन्न बघतोय. इन्स्टावर एक दोन पेज आहेत ते जपानमधली जुनी सीको ५ ऑटोमॅटिक घड्याळं विकतात, १० हजार ११ हजाराला, आणि टाकली की दोन दिवसात सोल्ड लिहिलेलं दिसतं. मी शोधलं तर तिथल्या याहू ऑक्शनवर तसलंच घड्याळ ५ साडेपाच हजार येनला जातंय म्हणजे आपले तीन सव्वातीन हजार. दुप्पट तिप्पट सुटतायत असं दिसतंय. जवळ ४० हजार बाजूला काढलेत. तर हे खरंच होतं का, कस्टम किती लागतं, आणि लिलावात बोली कशी लावायची? कुणी केलं असेल तर आकड्यासकट सांगा, बायकोला समजावून सांगायचंय.

टिकटिक_पुणे:
मित्रा मी दोन वर्षं हे केलंय, म्हणजे मुळात स्वतःच्या संग्रहासाठी मागवायचो आणि मग जास्तीची विकत गेलो. आकडे विचारलेस म्हणून एका घड्याळाचा पूर्ण हिशोब देतो, माझ्या वहीत आहे अजून.

बोली ५,५०० येन, म्हणजे ३,२०० रुपये. तिथले बरेच विक्रेते भारतात पाठवत नाहीत आणि खातं काढायलाही तिथला फोन नंबर पत्ता लागतो, म्हणून मधे एजंट साइट लागते, तिचं कमिशन, विक्रेत्यापासून तिच्या गोडाउनपर्यंतचं जपानमधलं कुरिअर आणि पॅकिंग मिळून ९००. पुढे भारतापर्यंतचं टपाल १,८००. कार्डावर साडेतीन टक्के फॉरेन मार्कअप (परकी चलनातल्या खरेदीवर बँक लावते ते शुल्क) आणि त्यावर जीएसटी, झाले २४० च्या आसपास. मग कस्टम. आणि हे नीट ऐक, कस्टम नुसत्या घड्याळाच्या किमतीवर नसतं, किंमत अधिक टपालखर्च अधिक विमा ह्या सगळ्यावर लागतं, मला त्यावेळी अडीच हजार भरावे लागले. घड्याळ आलं ते दिवसाला सात आठ मिनिटं मागे पडत होतं, सर्व्हिसिंग १,२००, नवा पट्टा २५०. बेरीज कर, दहा हजार नव्वद. विकलं १०,५०० ला, तेही गिऱ्हाइकानं घासाघीस करून ११ वरून खाली आणलेलं. हातात राहिले चारशे रुपये आणि पैसे अडकले ४० दिवस.

इन्स्टावर सोल्ड दिसतं त्यातले कितीतरी सौदे मोडतात, ते कुणी पोस्ट करत नाही.

एक पार्सल तर असं आलं की फोटोत डायल चकचकीत आणि हातात घेतलं तर काच आतून धुरकट, मशीनला गंज. वर्णन भाषांतर करून वाचलंच नव्हतं मी. परत पाठवायची सोय नाही, ६ हजार तसेच गेले. आजही ते ड्रॉवरमध्ये आहे, बघितलं की वाईट वाटतं.

तोक्यो_एदोगावा:
मी तोक्योतल्या निशी-कासाईला राहतो, आयटीत आहे, इथे मराठी घरं बरीच आहेत आणि गावाकडून हाच प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्णनात तीन शब्द ओळखायला शिका. "जंक" लिहिलं असेल तर वस्तू चालेल ही अपेक्षाच ठेवायची नाही. "गेंजोहिन" म्हणजे आहे त्या स्थितीत, तपासलेलं नाही. "कादोहिन" म्हणजे चालू आहे, पण वेळ बरोबर दाखवतं असं त्यात कुणी म्हणत नाही. आणि खाली "नो क्लेम नो रिटर्न" असेल तर तक्रारीला जागा नाही. इथले विक्रेते बहुतेक प्रामाणिक असतात, दोष लिहितात, पण लिहितात जपानीत, त्यामुळे ते वाचायचं काम आपलंच.

बोलीचं म्हणाल तर ईबेवर लोक शेवटच्या पाच सेकंदांत बोली टाकतात तशी इथे डाळ शिजत नाही. याहूवर बहुतेक लिलावांना आपोआप मुदतवाढ असते, शेवटच्या पाच मिनिटांत कुणी वरची बोली लावली की अजून पाच मिनिटं वाढतात, परत कुणी लावली की परत वाढतात. मग माणूस इरेला पेटतो आणि ५ हजारचं घड्याळ ९ हजार येनला घेऊन बसतो. आपला आकडा आधी ठरवायचा, एकदाच कमाल बोली म्हणून टाकायचा आणि मोबाइल बाजूला ठेवायचा. साइट समोरच्याच्या बोलीपेक्षा गरजेपुरतंच वर नेते.

आणि कृपा करून इथल्या नातेवाइकाला "तू घेऊन ठेव, मी विकतो" असं सांगू नका. विकण्यासाठी जुन्या वस्तू घ्यायच्या तर इथे कोबुत्सुशो परवाना लागतो, पोलीस ठाण्यात अर्ज, १९ हजार येन फी. शिवाय नोकरीच्या व्हिसावर दुसरा धंदा करायला वेगळी परवानगी लागते. माझ्यासारख्याचा व्हिसा अडचणीत येऊ शकतो.

क्लिअरिंग_डेस्क:
मुंबईत कस्टममधून माल सोडवायच्या, म्हणजे क्लिअरिंगच्या कामात १४ वर्षं आहे, म्हणून मूळ मुद्दा स्पष्ट सांगतो जो वर कुणीच घेतला नाहीये. वापरलेलं घड्याळ विक्रीसाठी आयात करणं हेच मुळात रिस्ट्रिक्टेड आहे. आपल्या परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून बाकी सेकंडहँड माल डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) परवानगीशिवाय आणता येत नाही. टिकटिक यांनी स्वतःच्या वापरासाठी म्हणून आणलं आणि संग्रहातलं एखाददुसरं काढलं ते वेगळं, पण दर महिन्याला दहा घड्याळं पर्सनल यूज म्हणून यायला लागली तर बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसला विचारणा होणारच. मग पार्सल अडकतं, दंड लागतो, कधी माल जप्त. ४० हजारातले तीस एका फटक्यात अडकलेले मी बघितलेत, तोही माणूस नोकरदारच होता, दोन महिने फेऱ्या मारत होता बिचारा.

कुणी म्हणेल विक्रेत्याला गिफ्ट लिहायला सांगू. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून गिफ्ट म्हणून करमाफीत आयात बंद आहे, पूर्ण ड्युटी भरावीच लागते. किंमत कमी दाखवणं तर करूच नका, लिलावाची लिंक उघडून बघायला अधिकाऱ्याला दोन मिनिटं लागतात.

रीतसर करायचं असेल तर नवा माल, पॅनवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड काढायचा (फी ५०० रुपये, दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करावा लागतो), जीएसटी, आणि पाकिटावर आयातदाराचं नाव, एमआरपी वगैरे लेबल. पण नव्या मालात कंपनीच्या अधिकृत दुकानदारांशी स्पर्धा आहे, ४० हजारात तिथे उभं राहता येत नाही असं माझं मत. कुणाला घड्याळांऐवजी जपानी खेळण्यातल्या गाड्या सुचत असतील तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे ध्यानात ठेवा.

सोलापूर_वॉच:
आमचं वडिलांपासून घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. कृष्णाकाठ भाऊ, वरचा हिशोब परत वाचा. त्यात खरी कमाई कुणाची झाली? ज्यानं १,२०० घेऊन मशीन खोललं त्याची. तेल, साफसफाई, तीन तासांचं काम, आणि पैसे हातोहात. ते काम तुम्हाला येत असतं तर ४०० चे १,६०० झाले असते. ज्याला मशीन कळत नाही तो फोटो बघून घेतो आणि फोटोवर विकतो, त्याला दोन्हीकडून मार बसतो.

दुसरं. परदेशी संग्राहकांत "मुंबई स्पेशल" हा शब्द आहे, आपल्याकडे जुन्या सीकोला रंगवलेला डायल, दुसऱ्याच घड्याळाचे काटे बसवून विकतात त्याला ते असं म्हणतात. ऐकून मनाला लागतं माझ्या, कारण आपल्याकडे इतके चांगले मिस्त्री आहेत. म्हणून डायल ओरिजनल आहे का, मागच्या झाकणावरचा सीरियल (पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना) मशीनशी जुळतो का हे बघायला शिका. ६११९ मशीन (हे सीकोचं साठ-सत्तरच्या दशकातलं) असेल आणि विकणारा ९० सालचं म्हणत असेल तर काहीतरी गडबड आहे.

माझा सल्ला, आणायचं सोडा, पाठवायचं बघा. एचएमटी बंद झाल्यापासून बाहेरच्या लोकांना जनता, पायलट, सोना हवी असतात. ही घड्याळं सिटिझनच्या तांत्रिक सहकार्यातून १९६१ पासून बंगळुरूला बनायला लागली. गावोगाव कपाटात पडून आहेत. चावीचं १७ ज्वेलचं (झीज टाळायला आत बसवलेले खडे) साधं मशीन, शिकायला याहून सोपं नाही. ईबेचं भारतातलं दुकान ऑगस्ट २०१८ ला बंद झालं पण इथून बाहेर विकणाऱ्यांना त्यांची मुख्य साइट चालू आहे.

क्लिअरिंग_डेस्क:
याला दुजोरा. निर्यातीलाही आयईसी लागतो, पण पोस्टाच्या डाक घर निर्यात केंद्रातून कागदपत्रं ऑनलाइन होतात. फक्त अमेरिकेचं लक्षात ठेवा, ८०० डॉलरपर्यंतची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून त्यांनी काढली, तिथे जाणाऱ्या पार्सलवर ड्युटी बसते, ती कोण भरणार हे गिऱ्हाइकाशी आधीच ठरवून घ्या. इथल्या इथे जुनी घड्याळं घेऊन विकायची असतील तर जीएसटीत मार्जिन स्कीम आहे, इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) घेतलं नसेल तर कर फक्त खरेदी विक्रीतल्या फरकावर. सीएला विचारून घ्या.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सात घड्याळं वॉचलिस्टला लावली होती ती सगळी काढली. बायकोला टिकटिक दादांचा हिशोब वाचून दाखवला. आजोबांची एचएमटी जनता आईच्या ट्रंकेत आहे, बंद पडलेली. मिरजेत एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांना रविवारी विचारतो बसू देतात का शेजारी. सोलापूर दादा, सुरुवातीला हत्यारं काय घेऊ? ४० मधले किती घालू?

सोलापूर_वॉच:
तीन हजाराच्या वर घालू नका. लूप (डोळ्याला लावायचं भिंग), दोन चांगले चिमटे, पेचकसांचा सेट, धूळ उडवायचा ब्लोअर, आणि झाकण उघडायचं हत्यार, ते घ्यायच्या आधी झाकण दाबाचं आहे की पेचाचं ते बघा आणि चाकू अजिबात लावू नका. आजोबांचं घड्याळ पहिलं खोलू नका. बाजारातून एखादं बंद मशीन शंभर दोनशेला मिळालं तर ते दहा वेळा खोला, जोडा, मग ट्रंकेतलं काढा.