मदत हवी आहे : एल ताहीनच्या पिरॅमिडला कोनाडे नक्की ३६५च का?

नमस्कार मंडळी,

मेक्सिकोतल्या वेराक्रूझ राज्यात, पापांतला गावाजवळ एल ताहीन हे प्राचीन शहर आहे. तिथल्या 'कोनाड्यांच्या पिरॅमिड'ने मला सध्या झपाटलंय. उंची जेमतेम १८ मीटर, सहा टप्पे, माथ्यावर देवघर आणि चहूबाजूंनी खोल चौकोनी कोनाडे. एके काळी ते आतून गडद लाल आणि कडेने निळे रंगवलेले होते! एकूण ३६५, म्हणजे वर्षाचे दिवस, असं जिथे तिथे वाचायला मिळतं.

पुढच्या आठवड्यात आठवीच्या मुलांना कालगणनेवर तास घ्यायचाय, म्हणून बेरीज करून पाहिली. खालून वर ८८, ७६, ६४, ५२, ४०, २८ आणि देवघराचे १७. बरोबर ३६५. दर टप्प्याला प्रत्येक बाजूचे तीन कोनाडे कमी होतात. वहीवर हे उतरवताना फार आनंद झाला.

घोडं अडलं ते जिन्यापाशी. पूर्वेकडच्या रुंद जिन्याखाली झाकले गेलेले कोनाडे धरले तरच ही बेरीज जुळते. मग त्याच जिन्यावर पाच ओटे आहेत, प्रत्येकावर तीन कोनाडे, ते १५ का सोडायचे? जिना नंतर जोडला असं एक मत आहे. तसं असेल तर हिशोब पटतो. पण माथ्यावरचं देवघर पडक्या अवस्थेत आहे, तिथले १७ कुणी कसे मोजले?

मेसोअमेरिकेत (म्हणजे प्राचीन मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या भागात) ३६५ दिवसांचं वर्ष होतंच : २० दिवसांचे १८ महिने आणि वर ५ दिवस. मेक्सिकोतल्याच चिचेन इत्सा या माया लोकांच्या प्राचीन शहरातल्या मुख्य पिरॅमिडलाही चार बाजूंना ९१ पायऱ्या आणि माथ्याची एक धरून ३६५ होतात. त्यामुळे कल्पना मला अशक्य वाटत नाही. मात्र चौथ्या टप्प्यातल्या ५२ कोनाड्यांवरून तिथल्या लोकांचं ५२ वर्षांचं चक्र (३६५ आणि २६० दिवसांची दोन कॅलेंडरं पुन्हा एकत्र जुळायला लागणारा काळ) काढणं मला ओढूनताणून वाटतं. तीन-तीनने उतरत गेलं की एका बाजूला १३ येतात, त्याचे चौपट ५२ होणारच.

होसे गार्सिया पायोन यांनी १९३० च्या दशकाअखेरीस इथे उत्खनन सुरू केलं. त्यांचं स्पॅनिश लेखन कुणी वाचलंय का? टप्प्यागणिक मोजणी, विशेषतः देवघराची, त्यात कशी दिलीय? तिथे जाऊन आलेल्यांकडे माथ्याचे जवळून काढलेले फोटो असतील तर तेही हवेत. मुलांना 'हे दगडी कॅलेंडर आहे' असं सांगायचं की 'असावं' असं, ते मला त्यावरून ठरवायचंय. तास गुरुवारी आहे.