मदत हवी आहे : दोघांनी मिळून घ्यायचं समुपदेशन

ह्यांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता रेडिएशन चालू आहे. उपचार नीट चाललेत, अडलंय ते घरात. गिळताना त्रास होतो म्हणून हे भाताची पेज घेऊन आतल्या खोलीत जातात, दार लोटून. काही विचारलं की "काही नाही गं". मी माझं रडणं बाथरूममध्ये उरकते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर माहीत आहे, मराठीतही बोलतात. पण मला दोघांना समोरासमोर बसवून बोलतं करणारं कुणी हवंय. ठाणे-दादर भागात कॅन्सर पेशंट आणि जोडीदार दोघांसोबत काम करणारे समुपदेशक माहीत आहेत का? फी साधारण किती? "मला काय वेड लागलंय?" म्हणणाऱ्या नवऱ्याला तयार कसं केलंत, तेही सांगा. 'पॉझिटिव्ह राहा' मात्र नको, ते नातेवाईक सांगून गेलेत.