एका बिटासाठी एवढी मारामारी?

घणसोली_लोकल:
काल इथे एक महाशय लिहून गेले, ‘स्मॉल-कॅपिटल न बघता स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, जुळवणारं फंक्शन जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या २१व्या आवृत्तीत फास्ट केलं म्हणे. रिकामटेकडे!’ रात्रभर डोक्यात गेलंय, म्हणून लिहितो. अहो, वेबपेज मागवताना सोबत जाणाऱ्या माहितीची, म्हणजे एचटीटीपी हेडरची, नावं अशीच जुळवावी लागतात, एकेका रिक्वेस्टला कितीतरी वेळा. आधी लॅटिन-१ (इंग्रजी नि पश्चिम युरोपी अक्षरांची यादी, प्रत्येकाला एक नंबर) मधली दोन अक्षरं वेगळी निघाली की दोन्ही कॅपिटल करून बघायची, नाहीच जुळली तर स्मॉल करून. आता? कॅपिटल ए ६५, स्मॉल ए ९७, फरक ३२, म्हणजे नंबरातला एकच बिट, ०-१चा एक अंक. तो पुसा, अक्षरच आहे ना बघा, जुळवा. संपलं.

वागळे_जुनाखोड:
ते महाशय मीच. गुणाकाराचं चिन्ह २१५, भागाकाराचं २४७. फरक ३२च. मग गुणिले आणि भागिले एकच का रे?

घणसोली_लोकल:
गुणाकाराचं चिन्ह वगळायची अट आहे त्यात. कोड वाचून बोला, काका.

वागळे_जुनाखोड:
काका कोणाला म्हणतोस? तुर्की लोकेलवर, म्हणजे भाषा-देशाच्या सेटिंगवर, कॅपिटल आयचा बिनटिंबाचा आय झाला, कॉन्फिग फाइलमधलं नाव जुळेना, तेव्हा ऑफिसात रात्र मी काढलीय. शेवटची ठाणे लोकल डोळ्यांदेखत गेली.

घणसोली_लोकल:
ते अक्षरं स्मॉल करणाऱ्या टू-लोअर-केसचं पाप. हे फंक्शन लोकेल बघतच नाही!

पाचपाखाडी_ताई:
भांडा इंग्रजीवर. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, तरी सुख कुठाय? आमच्या सोसायटीच्या यादीत एकच वकील ‘ॲड.’ आणि ‘अॅड.’ असे दोनदा. मेंटेनन्सची बिलं दोन. पहिला ॲ एकसंध, युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या नंबरयादीत, २००८ साली आला. दुसरा अ-वर चंद्र. नॉर्मलाइझ करूनही, म्हणजे एकाच साच्यात बसवूनही, एक होत नाहीत.

खारेगाव_खाडी:
ताई, ‘कुऱ्हाड’ शोधून बघा! कोणी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंबाचा, र वापरतं, कोणी साध्या र-ला न दिसणारा जॉइनर चिकटवतं. दिसायला तेच, सर्चला शून्य.

वागळे_जुनाखोड:
नीट टाइप करा की. कीबोर्ड तुमचा, दोष कोडच्या लायब्ररीचा?

पाचपाखाडी_ताई:
मी नीटच करते! समोरच्याच्या फोनचं काय करू? ‘नीट’ कोणतं ते तुम्ही ठरवणार?

खारेगाव_खाडी:
असली माणसं टीम लीड होतात, म्हणून मराठी सर्च असा.

वागळे_जुनाखोड:
वैयक्तिक नको. बरं, कोड उघडला. गुणाकाराची अट आहे. घ्या, पेढे वाटा. पण ताई, वकिलांनी दुसरं बिल भरलं का?

पाचपाखाडी_ताई:
पहिलंही नाही. म्हणाले, यातला मी कोणता, ते आधी कमिटीने लेखी कळवावं.