उत्तर: कंपनी अतिरंजित वाटत नाही

वर कुणीतरी म्हटलंय की कादंबरीतली ती गूढ बहुराष्ट्रीय कंपनी अतिरंजित वाटते. आम्हा गोव्यातल्या फोंडेकरांना नाही वाटत हो! केरीच्या भूतखांब पठारावर ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीचा नायलॉन ६,६ या कृत्रिम धाग्याचा कारखाना येऊ घातला होता. लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी १९९५ मध्ये पोलीस गोळीबारात निलेश नाईक हा तरुण गेला आणि शेवटी प्रकल्प तामिळनाडूत हलला.

मला खटकलं ते वेगळंच. संचालकांच्या बैठकीचं प्रकरण झकास जमलंय: कुणी आवाज चढवत नाही, फाईल नुसती टेबलावरून पुढे सरकते. पण जिची जमीन जाते ती बाई अख्ख्या पुस्तकात दोनदाच दिसते, दोन्ही वेळा रडताना. आमच्याकडच्या बायका (आजी तर पहिली) कोयता घेऊन बांधावर उभ्या राहिल्या असत्या.