स्टुडंट फीमधून गणपतीला पैसे मिळाले नाहीत तर खरंच फरक पडतो का?

मिडवेस्टची_सायली
नमस्कार मंडळी, मी अमेरिकेत मास्टर्स करतेय आणि यंदा आमच्या मराठी ग्रुपची ट्रेझरर आहे. गणपतीला दरवर्षी स्टुडंट गव्हर्नमेंटकडून पैसे मिळायचे, यंदा हॉलचं भाडं मंजूर झालं पण जेवणाचे पैसे कापले. मग माणशी १५ डॉलर वर्गणी ठेवली, आणि झालं काय की जे नुकतेच आलेत, ज्यांना अजून कॅम्पस जॉब नाही, नेमकी तीच पोरं आली नाहीत. एक मुलगा तर सकाळपासून मोदकांच्या पाऱ्या करत बसला होता, हात पिठाने माखलेले, आणि आरतीच्या आधी 'असाइनमेंट आहे' म्हणून निघून गेला. त्याने वर्गणी भरली नव्हती हे मला नंतर कळलं. डोक्यातून जातच नाहीये. पैशाने आपलेपणा येत नाही म्हणतात, तुमचा अनुभव काय?

वऱ्हाडी_वकील
स्टुडंट गव्हर्नमेंट वाटतं ते पैसे विद्यार्थ्यांच्या ॲक्टिव्हिटी फीमधूनच येतात, ती तुम्हीही भरता ना, मग हे उपकार नाहीत! विस्कॉन्सिनच्या साउथवर्थ केसमध्ये २००० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, सरकारी युनिव्हर्सिटी अशी सक्तीची फी घेऊ शकते, पण ग्रुपना पैसे देताना कुणाचं मत पटतं न पटतं हे बघायचं नाही. जेवणाचा खर्च सगळ्यांचाच कापलाय का ते आधी लेखी विचारा.

डॅलसची_मावशी
अगं, नुसत्या जेवणाचं नाही हे. आमच्या टेक्सासात 'सिनेट बिल १७' नावाचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, सरकारी युनिव्हर्सिटीतली विविधता-समावेशाची (DEI) ऑफिसं बंद करणारा. त्यात विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बंदी नाही, पण ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचं मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटर बंद झालं. ग्रुप कागदावर राहतो गं, पण लेक्चर संपल्यावर बॅग टाकून बसायची हक्काची जागा जाते, आणि घरापासून लांब आलेल्या पोराला तीच लागते.

कोल्हापूरकर_०७
माझं थोडं वेगळं मत. आमच्याकडे भरपूर पैसे होते तेव्हा आम्ही आपल्या आपल्यातच असायचो, कमी पडले तेव्हा नेपाळी आणि तेलुगू ग्रुपबरोबर मिळून दिवाळी केली आणि पहिल्यांदा त्यांच्याशी ओळखी झाल्या. एकत्र अर्ज करून बघा. पण वर्गणी मात्र नवीन पोरांकडून घेऊच नका, सीनियर्सनी उचलायची ती.

मिडवेस्टची_सायली
थँक्यू सगळ्यांना, मेल आजच टाकते. आणि पुढच्या वर्षी दारात यादी घेऊन कुणी बसणार नाही, नुसता डबा ठेवू, ज्याला जमेल त्याने टाकावेत. त्या मुलाला मेसेज केलाय, उरलेली पिठी आणि नारळ घेऊन शनिवारी त्याच्याच किचनमध्ये मोदक करतोय.