जुन्या कॅबिनेटचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) बदलायचाय, कुठलाही बसेल का?

छापखाना_विटा
मंडळी, लग्नसराई तोंडावर आणि माझा कॉम्प्युटर बसलाय. २००९ साली असेंबल करून घेतलेला. कोअर टू ड्युओ, जी-३१ चा मदरबोर्ड, २ जीबी रॅम, विंडोज एक्सपी. "नवा घ्या" म्हणायच्या आधी ऐका. माझ्या फॉण्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक (ती डबी लावल्याशिवाय ते चालत नाही) मागच्या पॅरलल पोर्टला बसतं, जुन्या प्रिंटरच्या त्या २५ भोकांच्या लांबड्या सॉकेटला. आताच्या मशीनला ते सॉकेटच नसतं. शिवाय इतक्या वर्षांच्या पत्रिका त्यातच. थोरल्याची पत्रिका काढायची, नाव-तारीख-मुहूर्त बदलायचा की धाकट्याची तयार, अशी चाळीसेक घरं आहेत माझी.

लक्षण असं: बटण दाबलं की प्रोसेसरचा पंखा पाव फेरा मारून थांबतो. आधी तिसऱ्या-चौथ्या दणक्याला चालू व्हायचा. रविवारी लाइट जाऊन आली, तेव्हापासून तेवढंही नाही. रिपेअरवाल्याने झाकणसुद्धा न उघडता बोर्ड गेला म्हणून सांगितलं. मला संशय एसएमपीएसचा, कारण जाळीला नाक लावलं की जळक्या वार्निशचा वास येतो. चार स्क्रू काढून बाहेर घेतलाय. वर ४५० वॅट छापलंय, पण वजन पेढ्यांच्या खोक्याएवढं.

आणखी एक, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. पहिल्यापासूनच. त्याचा काही संबंध?

सोल्डर_काका
दादा, विकत घेण्याआधी मल्टीमीटर लावा. एसएमपीएस बाहेर आहे तर सोपंच. नुसती पिन भिंतीत घालून बटण चालू केलं की बोर्डात जाणाऱ्या २४ पिनांच्या प्लगमधल्या जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट यायला हवेत. मग बटण बंद करून हिरवी आणि शेजारची कुठलीही काळी वायर यांच्या भोकांत एक यू आकाराची तार खुपसा, जुनी हार्डडिस्क जोडा आणि बटण चालू करा. पंखा फिरेल. आता पिवळ्यावर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मध्ये काटा राहिला पाहिजे. हार्डडिस्क विसरू नका. रिकाम्या एसएमपीएसवर आकडे छानच दिसतात, लोड पडला की पितळ उघडं पडतं.

डबा मात्र उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही काही वेळ राहतात.

मुंग्या म्हणजे सॉकेटला अर्थिंग नाही. आतल्या फिल्टरची थोडी गळती अर्थमधून जायची, ती तुमच्या हातातून जाते. नवा एसएमपीएस घातला तरी मुंग्या राहणारच. वायरमनला बोलवा.

मिनीटॉवर
मापाचं सांगतो. उभं साधं कॅबिनेट असेल तर एटीएक्स मापाचा घ्या: १५० मिमी रुंद, ८६ उंच. खोली १४० चीच घ्या, १६० चा घेतलात तर डीव्हीडी ड्राइव्हच्या पाठीला टेकेल आणि वायरी वळवायला जागा उरणार नाही. डीव्हीडी जुना रुंद पट्टीवाला असेल तर चार पिनांचा मोठा मोलेक्स प्लग नव्यात आहे ना तेही बघा. काही ब्रँडेड डेस्कटॉपना प्लग वेगळेच असतात, तुमचं असेंबल्ड आहे म्हणून सुटलात.

एक_वाचक
मी गल्लीतला साडेसातशेचा टाकला. तीन वर्षं चाललाय. उगाच खर्च कशाला.

सोल्डर_काका
चालेलही. पण स्टिकर वाचा. अशा डब्यांवर ४५० वॅट मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक +१२ व्होल्ट १३ अँपिअर असतं. १२ गुणिले १३ म्हणजे १५६ वॅट. खरं काम तिथूनच होतं. ग्राफिक कार्ड नसलेल्या या मशीनला तेवढंही पुष्कळ, पण ते तरी खरं असावं एवढीच अपेक्षा.

छापखाना_विटा
काका, जांभळी ५.१. हिरवी-काळी जोडल्यावर पिवळी ११.९, आणि हार्डडिस्क लावल्याबरोबर १०.२! डिस्क टिकटिकायला लागली, लगेच बंद केलं. म्हणजे डबाच मेला होता. सांगलीहून १४० खोलीचा चांगला वजनदार आणला. बसवला. पंखा मस्त फिरतोय, पण स्क्रीन काळा. बीपसुद्धा नाही. रिपेअरवाला खरा ठरतो की काय?

सोल्डर_काका
प्रोसेसरशेजारी चार भोकांचं एक छोटं चौकोनी सॉकेट असतं. त्यात काही घातलंय?

आणि घालताना वायरीचे रंग बघा. दोन पिवळ्या, दोन काळ्या असलेलाच प्लग तिथला. २४ च्या प्लगपासून सुटा होणारा चारचा तुकडाही तसाच दिसतो, पण त्यात पिवळी, नारिंगी, लाल आणि काळी असते. तो जोर करून तिथे घातला तर मग खरंच बोर्ड जाईल.

छापखाना_विटा
नव्हतं घातलं! प्लग डीव्हीडीच्या मागे लोंबत होता, आठ पिनांचा, मधून दोन भाग होणारा. दोन पिवळ्या, दोन काळ्या बघून अर्धा घातला. एक बीप. पहिल्याच बटणाला. लॉकही ओळखलं. चि. सौ. कां. स्क्रीनवर, प्रिंटर गरम होतोय. वायरमन उद्या येतो म्हणाला, बघू.

फक्त घड्याळ १ जानेवारी २००८ दाखवतंय. बोर्डावरचा चपटा सेल गेला असणार. तो सीआर २०३२च ना?

सोल्डर_काका
तोच. छापलेली बाजू वर.